जावयाचं नवं गाणं

९ नोव्हेंबर

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. उजवा गुडघा, डावा खांदा आणि दोन्ही कान सोडले तर मीसुद्धा खुशाल आहे. तुझी वहिनी ठणठणीत आहे. घरात एकानं तरी ठणठणीत राहिलंच पाहिजे, नाहीतर दुसऱ्याची रडगाणी ऐकणार कोण, असं तिचं म्हणणं आहे.

आज दादाला पत्र कुठून सुचलं, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनच करणार होतो. पण हल्ली फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी पदरचं घालतो. मागच्या वेळी तू तुझ्या पाठदुखीचं सांगत होतीस आणि मी मध्येच ‘वा, छान झालं’ म्हणालो. वहिनीनं माझ्या हातातून फोनच काढून घेतला. कानाचं यंत्र आहे, पण ते लावलं की पहिल्यांदा माझाच श्वास ऐकू येतो. तो काही फारसा ऐकण्यासारखा राहिलेला नाही. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर तू मला मध्येच तोडूही शकत नाहीस.

बँडबद्दल तू विचारत नाहीस आणि मी सांगत नाही, हे आपलं इतकी वर्षं बिनबोभाट चाललंय. आज सांगतो. आम्ही नवी रेकॉर्ड करतोय. हसू नकोस, वहिनीचं हसून झालंय. ‘या वयात लोक दात नवे बसवतात, तुम्ही गाणी नवी बसवा,’ म्हणाली.

खोली तीच आहे, सुताराच्या कारखान्यामागची. सुतार मात्र आता त्याचा मुलगा. भिंतींवर तू आणि मी ठोकलेले जुने गालिचे अजून आहेत, फक्त त्यांचा रंग कोणता होता हे पैज लावून ठरवावं लागेल. पूर्वी करवत थांबायची वाट बघून आपण संध्याकाळी वाजवायचो. आता आम्ही सकाळी वाजवतो, करवत सुरू व्हायच्या आत. संध्याकाळी पेंग येते. गायला अजून भोंगाच आहे, पण त्याचा आवाज चांगला दोन पट्ट्या खाली उतरलाय. आवाज पिकला, असं तो म्हणतो. ‘नासला,’ असं मुक्या म्हणाला. त्या आठवड्यात मुक्या बोलला तेवढंच. त्याचा बास मात्र अजून तसाच आहे, बोलायचं सगळं तो तिकडेच बोलतो. माझं म्हणशील तर मोटारीतून ड्रम उतरवायचे, मांडायचे, थोडा वेळ बडवायचे, पुन्हा चढवायचे आणि उरलेला दिवस कमरेला पट्टा बांधून गादीवर पडायचं.

कार्यक्रम अधूनमधून होतात. लोकांना जुनीच गाणी हवी असतात. भोंग्यानं माइकवर ‘आता एक नवं गाणं’ म्हटलं की अर्धं सभागृह लघवीला उठतं. खरं तर तेव्हा जायचं आम्हालाच असतं.

मग नवी गाणी करता कशाला, असं कुणीही विचारेल. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या माणसानंसुद्धा हेच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. भोंग्यानं त्याला कलेवर भाषण दिलं. मला विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. दुकान बंद करायलाही अंगात ताकद लागते. ती आमच्यात उरलेली नाही, म्हणून ते उघडं आहे.

जावई बरा आहे. तू त्याला सोडून किती काळ लोटला, पण बँडमध्ये त्याचं नाव जावईच राहिलं. सुताराचा मुलगाही त्याला जावईकाका म्हणतो. कुणाचा जावई, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही. जावई थोडा विसराळू झालाय. थोडा म्हणजे, चहा पिऊन झाल्यावर चहाची वाट बघत बसतो. गाण्याच्या मध्ये पुढे कुठे वळायचं ते त्याच्या हातातून सुटतं. मग मी हनुवटी वर करतो, तो बघतो आणि वळतो. आपण नेहमी एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच वाजवत आलो, त्यामुळे बाहेरच्याला काही कळत नाही. डॉक्टरांनी त्या दुखण्याला लांबलचक नाव दिलंय. ते त्याच्या लक्षात राहत नाही, हे एक बरं. अक्का त्याला सांभाळते. हो, तुझी नणंदच, आणि अजून तशीच आहे. मागच्या महिन्यात मी बूट घालूनच आत शिरलो, तर या वयात मला तिनं उंबऱ्याबाहेर काढलं.

तर मागच्या आठवड्यात त्यानं एक चाल आणली. चांगली आहे. खरं सांगायचं तर खूपच चांगली आहे. स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारी एक मुलगी आहे, काचेपलीकडे बसते, आमच्या बाकीच्या गाण्यांना ‘ओके काका’ एवढंच म्हणते. ही चाल ऐकून ती उठून आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली. असं आमच्यासाठी कुणी उभं राहिल्याला बरीच वर्षं झाली.

जाता जाता एक. तालमीच्या वेळी आपण ज्या कॅसेटी भरायचो, त्यांतल्या काही तुझ्याकडे आहेत का? नसतील तर शोधत बसू नकोस. असल्या तरी घाई नाही. सहज विचारलं.

पाठीला जप. जड काही उचलू नकोस. हे मी सांगतोय, म्हणजे बघ.

तुझा,
दादा


२० नोव्हेंबर

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. पाठीचं नाही, हवापाण्याचं नाही, एकच ओळ. ‘दादा, कॅसेटींचं सहज विचारणारा माणूस तू नाहीस.’ मी ते वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, ‘तुम्ही सहज हा शब्द लिहिलात ना, तिथंच पकडले गेलात.’ तुम्ही दोघी एका घरात राहिला असतात तर मी केव्हाच संन्यास घेतला असता.

सांगतो. पण थोडं मागून घेतो, मधेच पान उलटू नकोस.

आमची पद्धत तुला ठाऊक आहेच, ती अजून तीच आहे. कुणीतरी सुरुवात आणायची आणि गोल गोल वाजवत राहायचं. कुणी काही बोलायचं नाही. ज्यानं त्यानं आपापली जागा शोधायची. तीन फेऱ्यांत एकही जण थांबला नाही तर ते गाणं. एक जरी थांबला तरी ते पडलं, आणि का थांबलास म्हणून कुणी विचारायचं नाही. चर्चा करणारे बँड फुटतात असं जावई म्हणायचा. आपण चर्चा न करताही फुटलो, ती गोष्ट वेगळी.

त्या सकाळी जावई आला, गिटार गळ्यात अडकवली आणि म्हणाला, ‘आंघोळ करताना सुचलंय. ऐका.’ आणि वाजवायला लागला.

धाकटे, ते तुझं गाणं होतं. आई दवाखान्यात असताना तू बनवलेलं.

मी थांबायला हवं होतं. काठ्या खाली ठेवल्या असत्या तर पद्धतीप्रमाणे चाल तिथंच पडली असती आणि कुणी कारणही विचारलं नसतं. पण हात थांबेनात. तिथं पहिल्या फेरीत ड्रम नसतो, काठीनं त्याची नुसती किनार वाजते, ती माझ्या हातांनी माझ्या आधी वाजवली. मुक्याचा बास पहिल्याच फेरीत नेमका त्या पायरीवरून खाली उतरला. भोंगा नुसता आकार लावत होता, तोही बरोबर त्या जागी थांबला जिथं तू श्वास घ्यायचीस. तीन फेऱ्या झाल्या. कुणी अडखळलंसुद्धा नाही. जावयालाही मला हनुवटीनं एकदाही सांगावं लागलं नाही. या वर्षात असं एकाही गाण्यात झालेलं नाही.

त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. नको, बरं झालं बघितला नाहीस. ‘आज झालंय काय तुम्हाला?’ म्हणाला. ‘जसं काही जन्मभर हेच वाजवताय!’ आणि लहान पोरासारखा हसला. मुक्या बासची तार पुसत बसला. मला वाटलं, ओळखलं ते फक्त मी. ते दोघं विसरले असणार, म्हातारे झालेत. त्या दोघांनाही आपापल्या जागी हेच वाटत होतं, हे नंतर कळलं. तिघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की गुळणी आपल्याच तोंडात आहे.

ते फुटलं भोंग्याच्या शब्दांमुळे. चालीवर शब्द बसवायचं काम त्याचं. तुझी ओळ होती, ‘दिवा मालव, मी जागी आहे’. आई नर्सला म्हणायची तेच तू उचललं होतंस. भोंगा नवे शब्द घेऊन आला. त्यात दिवा नाही, रात्र नाही, झोप नाही, जाग नाही, खोलीसुद्धा नाही. अख्खं गाणं भर दुपारी रस्त्यावर घडतं. आता भोंग्याचं एकही गाणं आजवर दुपारी घडलेलं नाही, कारण दुपारी तो घोरत असतो. विहीर इतकी जपून चुकवणाऱ्याला विहीर कुठं आहे ते माहीत असतंच. मी त्याला बाहेर लाकडांच्या ढिगापाशी गाठलं.

‘तुला ठाऊक होतं.’

‘म्हणजे तुलापण?’ तो म्हणाला.

मग आम्ही दोघं मुक्याकडे बघायला लागलो. मुक्यानं होकाराची मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिला.

आता तू विचारशील की तेव्हाच जावयाला का नाही सांगितलं. सांगणार होतो. भोंगा म्हणाला, आज नको, आज तो खुशीत आहे. दुसऱ्या दिवशी तो खुशीत नव्हता, म्हणून नको. तिसऱ्या दिवशी स्टुडिओची तारीख होती. चौघांनी एका खोलीत बसून, एका दमात ते रेकॉर्ड केलं. त्यानंतर कंपनीचा माणूस आला. बाकीची गाणी त्यानं मोबाइल बघत ऐकली. हे लागलं तेव्हा त्यानं मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि संपल्यावर म्हणाला, ‘हे असेल तर रेकॉर्ड निघेल.’ नसेल तर काय, ते तो बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

म्हणजे घोंगडं असं भिजलंय. आता मागणं मागतो. दहा वेळा खोडून लिहिलंय, तरी ते वाईटच दिसतंय.

गाणं जावयाच्या नावावर राहू दे.

तो पुढच्या वर्षी वाजवू शकेल असं मला वाटत नाही. अक्का म्हणते, बुटाच्या नाड्यांशी झटापट करून तो आता रडतो. पण त्याला वाटतंय की अजून त्याला सुचतं. दिवसातून चारदा तो मला सांगतो, ‘अजून सुचतं रे मला.’ हे एवढं सोडून त्याच्याकडे दुसरं काही शिल्लक नाही. ते कुणी काढून घ्यायचं? मी? तो मला पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणत आलाय, तू त्याला सोडल्यावरही. मी तुझी बाजू सोडली नाही आणि त्याच्या मागे बसून ड्रम वाजवणंही सोडलं नाही. याबद्दल तू मला कधी काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आणि कॅसेटींचं. कॅसेट तुझ्याकडे नसेल तर कुणाला काही कळणार नाही, असा विचार माझ्या मनात आला होता. म्हणूनच विचारलं होतं. आता लिहून टाकलं. वहिनीला हे सांगितलेलं नाही.

काय ते कळव. कार्डावर कळवलंस तरी चालेल.

दमलेला,
दादा


६ डिसेंबर

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. या वेळी एक ओळ नव्हती, चांगली दोन पानं होती. त्यातला ‘नाही’ तू पहिल्याच ओळीत लिहून मोकळी झालीस ते बरं केलंस. पुढचं वाचायला मला दोन दिवस लागले.

तू लिहिलंस, ‘तालमीत आपण माझं गाणं कितीदा वाजवलं, आणि त्या दिवशी खोलीत तो म्हणाला, गाणं चांगलं आहे, पण आपलं नाही. तुम्ही तिघं खाली बघत होतात. तेव्हा जे तुमचं नव्हतं, ते आता तुमचं कसं झालं?’

याचं उत्तर मी शोधलं. तो तेव्हा तरुण होता, बँड नवा होता, लोकांना एकच आवाज ओळखू यायला हवा होता, असलं बरंच काही डोक्यात आलं. त्यातलं काहीही तुझ्यासमोर बसून मला म्हणता आलं नसतं, मग कागदावर कशाला म्हणू?

पत्र मी त्या दोघांना वाचून दाखवलं. जावई यायच्या आधी, खोलीतच. भोंगा पहिल्यांदा तापला. म्हणाला, आजाऱ्याशी काय हिशेब मांडायचा. मग मी तो खाली बघण्याचा भाग पुन्हा वाचला. तेव्हा तो म्हणाला, ‘मी त्या दिवशी बुटाकडे बघत होतो. नवे होते.’ आणि तोंड फिरवून बसला. इतक्या वर्षांनी त्याला बूट आठवतात! आजारी जावई आहे आणि विसरल्याचं सोंग आम्ही आणलं होतं.

मुक्या म्हणाला, ‘तिचं बरोबर आहे.’

त्या मुलीला सांगून आम्ही ते गाणं बाजूला काढलं. ‘का पण काका?’ असं तिनं तीनदा विचारलं. कंपनीच्या माणसाला भोंग्यानं कळवलं. बघू, असं तो म्हणाला. त्याचा अर्थ आम्हाला या वयात कुणी समजावून सांगायला नको. म्हणजे रेकॉर्ड निघत नाही. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा हलकंच वाटलं. कमरेचा पट्टा सोडल्यासारखं. वाईट दुसऱ्या दिवशी वाटलं.

मग राहिलं जावयाला सांगणं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की त्या दोघांना बरोबर नातं आठवतं. ‘मेहुणा तुझा आहे, तूच सांग.’

गेलो. दुपारची वेळ होती. बूट बाहेर काढले. अक्कानं दार उघडलं आणि खूण केली की आज बरा आहे. तो खिडकीपाशी गिटार लावत बसला होता. गिटार लागलेलीच होती. तो एक तार उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. मी शेजारी बसलो. वाटेत सगळं भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हटलं, आधी ऐकवू, मग बोलू. मुलीनं मोबाइलमध्ये गाणं घालून दिलं होतं. हेडफोन त्याच्या कानावर चढवले आणि लावलं.

त्यानं डोळे मिटले. बोटं गुडघ्यावर चालायला लागली. मधल्या वळणावर त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आपणच वळला. संपल्यावर हेडफोन काढले आणि म्हणाला, ‘चांगलंय. कुणाचं आहे?’

मी ऐकतच राहिलो. कानाचं यंत्र नीट बसवलं, म्हटलं आपलीच काही गफलत झाली असेल. म्हणालो, ‘अरे, तू वाजवलंयस हे.’

‘वाजवलं असेल. बनवलंय कुणी?’

भाषणाची गरजच उरली नव्हती. ज्या गोष्टीसाठी आम्ही तिघं महिनाभर खोटं बोललो, तुझ्यापुढे हात पसरले, ती त्याच्याकडे नव्हतीच. आंघोळ करताना आली तशी कुठंतरी गेली होती. मी तुझं नाव घेतलं.

नाव त्याला कळलं. तेवढं मी बघितलं. गिटार त्यानं मांडीवर आडवी ठेवली आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी काढत होतं. मला वाटलं, विसरला. चहाचं विचारेल आता.

‘मग ती कुठाय?’ तो म्हणाला. ‘हा कोण गातोय? पडसं झालंय का याला?’

‘भोंगा आहे.’

‘मग बरोबर.’ त्यानं मोबाइलकडे बोट केलं. ‘पण हे त्याचं नाही रे. मधल्या ओळीला तो घाबरतोय. तिला घेऊन ये. तिचं आहे ना, मग तिला गाऊ दे. आणि पट्टी तिला विचार. खाली उतरवलीय आपण, तिला वर लागेल. ती म्हणेल त्या पट्टीत नेऊ. माझं काय, मी कुठंही वाजवतो.’

हे त्यानं असं सांगितलं की तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी फक्त हाक मारायची बाकी आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. अक्का तिथं पाठमोरी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला पाण्याचा पेला दिला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. तुझी नणंद इतकी सभ्य वागलेली मी पहिल्यांदा बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं त्याला खोलीवर आणून सोडलं. मी विचारलं, काल मी येऊन गेलो ते आठवतं का? तो हसला, पाहुण्यांशी हसतात तसा. मी तुझ्या गाण्याची सुरुवात काठीनं टेबलावर वाजवून बघितली. काही नाही. ‘आज काय वाजवायचं?’ म्हणाला. आम्ही आमचं जुनंच एक वाजवलं, लोकांना आवडतं ते. दोनदा तो हरवला, दोनदा मी हनुवटी वर केली.

तेव्हापासून मी याचा विचार करतोय. वहिनी म्हणते जेवताना तरी करू नका. तुझं गाणं आपलं नाही म्हणणारा तोच, आणि तुझ्या पट्टीत नेऊ म्हणणाराही तोच. पहिलं तुला आठवतं, दुसरं त्याला स्वतःलाही आठवत नाही. याला माफी म्हणायची का? ज्याला केलेलं आठवत नाही त्यानं मागितलेली माफी घ्यावी का, आणि घेतली तर पोचवायची कुणाला? मला कळत नाही. मला इतकंच कळतं, की तेव्हा खोलीत हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. आम्ही चौघे होतो. चौघांपैकी कुणीही म्हणू शकलं असतं. मी तुझा सख्खा भाऊ, मी सगळ्यात आधी.

परवानगी पुन्हा मागणार नाही. तू नाही म्हणालीस, तो विषय संपला. गाणं तुझं आहे, ते तुझ्याकडेच राहील. रेकॉर्ड निघाली काय आणि न निघाली काय, खोली आहे तोवर आम्ही सकाळी तिथं असतोच. दुसरं काही करायला येत नाही. आमच्यात उत्साह उरलाय असं समजून काही ठरवू नकोस. आम्ही थकलोय. भोंग्याला वरचा सूर लागत नाही, मुक्याला उभं राहवत नाही आणि जावई उद्या किती उरेल ते कुणालाच ठाऊक नाही.

ये, असंही म्हणणार नाही. तो हक्क मला नाही. पण एक निरोप माझ्या हाती दिला गेलाय. ज्यानं दिला तो आता तो परत मागू शकत नाही आणि मला तो विसरता येत नाही, म्हणून पोचवतो. निरोप असा, की पट्टी तू सांगायचीस. आम्ही तिथं येऊ.

त्या दिवशी खाली बघत बसलेल्या तिघांपैकी एक,
तुझा दादा